गोळी पोटात, परिणाम मनात

मैत्रिणींनो, घरातला गोळ्यांचा डबा एकदा समोर घेऊन बसा. मामंजींच्या ब्लडप्रेशरच्या, सासूबाईंच्या गुडघ्याच्या, धाकट्याच्या सर्दी-दम्याच्या, आपल्या स्वतःच्या थायरॉईडच्या, शिवाय मागच्या आजारपणातून उरलेल्या. दहा-पंधरा तऱ्हेच्या गोळ्या सहज निघतील. कुणाला कुठली, जेवणाआधी की जेवणानंतर, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. कुठल्या गोळीनं पित्त उसळतं, कुठलीनं अंगावर पुरळ उठतं, हेही ती सांगू शकते. पण एखादी साधी, रोजची गोळी माणसाला चिडखोर करू शकते, विनाकारण रडवू शकते, खोलीत नसलेली माणसं दाखवू शकते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्याजणींना ठाऊक असतं.

मग होतं काय? म्हातारं माणूस ‘भ्रमिष्ट’ ठरतं. पोर ‘हट्टी’ ठरतं. सून ‘तिरसट’ ठरते. आणि लग्नाच्या मुलीला असं काही झालं, तर घरातली मंडळी कुजबुजत देवऋष्याचा पत्ता शोधू लागतात. शिक्का बसतो तो माणसावर. गोळी बिचारी डब्यात सुखरूप असते, आणि वेळच्या वेळी दिलीही जाते!

हे वाचून औषधांची धास्ती घ्यायची नाही, बरं का. पुढे ज्या औषधांची नावं येणार आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी माणसांचे प्राण वाचवले आहेत, आणि ती घेणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या मनावर काहीही परिणाम होत नाही. पण ज्या थोड्यांना होतो, त्यांच्या घरात तो वेळेवर ओळखणारं कुणीतरी हवं.

हे काही आजचं नाही

आपल्याकडची सर्पगंधा घ्या. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत, कारण वेड लागलेल्या, बेभान झालेल्या माणसाला शांत करण्यासाठी ती देत असत. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी तिच्याविषयी लिहिलं. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांवर पडताळून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलं आणि साऱ्या जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५७ साली त्यांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसरपिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं होतं. त्याच्या गोळ्या सगळीकडे खपू लागल्या, आणि काही वर्षांतच डॉक्टरांना दिसू लागलं की ब्लडप्रेशर उतरलेल्या काही माणसांचं मनही उतरलं आहे. ती उदास होत, कशात रस घेईनाशी होत. पुढच्या फेरतपासणीत हा संबंध आधी वाटला तेवढा पक्का ठरला नाही, हेही सांगायला हवं. पण मनाची अवस्था मेंदूतल्या रसायनांशी बांधलेली आहे, या विचाराला त्या गोळीनंच चालना दिली.

गंमत म्हणजे याच्या अगदी उलटही घडलं. त्याच १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देऊन पाहत होते. अंथरुणाला खिळलेले रोगी एकाएकी उल्हसित झाले, त्यांना भूक लागू लागली, काहीजण तर वॉर्डात नाचू लागले! क्षयाचं औषध म्हणून ते टिकलं नाही. पण उदासीवरची पहिली गोळी म्हणून त्याचं नाव झालं. यकृताला अपाय होतो असं दिसल्यावर ते मागे पडलं, ही गोष्ट वेगळी.

सांगायचं ते एवढंच, की औषध रक्तात मिसळलं की ते साऱ्या शरीरात फिरतं. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी फक्त गुडघ्यालाच जाते असं नाही. ती मेंदूपर्यंतही पोचू शकते.

स्टिरॉईड : चार दिवस उत्साह, मग?

दमा उफाळला, संधिवात बळावला, त्वचेचा मोठा विकार झाला, की डॉक्टर प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉईडची गोळी देतात. गुण असा येतो, की दोन दिवसांत माणूस उठून बसतो. पण कुणाकुणाच्या बाबतीत हा उत्साह थांबतच नाही. रात्री दोन वाजता उठून कपाटं आवरायची, अखंड बोलायचं, भलभलते खर्च ठरवायचे, कुणी अडवलं तर अंगावर धावून जायचं. काहीजण याच्या उलट खचून जातात, रडतात. क्वचित कुणाला आवाज ऐकू येतात, घरचेच आपल्या वाईटावर आहेत असा संशय बसतो.

याचा मात्रेशी थेट संबंध आहे. १९७२ साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका मोठ्या पाहणीत असं आढळलं, की दिवसाला ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रा घेणाऱ्या रुग्णांत शंभरात जेमतेम एखाद्याला, म्हणजे १.३ टक्के लोकांना, मानसिक त्रास झाला. ४१ ते ८० मिलिग्रॅमला तो आकडा ४.६ टक्के झाला आणि ८० च्या वर गेल्यावर १८.४ टक्के! हा त्रास बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच दिसतो, आणि मात्रा उतरवली की बहुतेकांचा ओसरतो. गोळी सकाळी न्याहारीनंतर घेतली, तर निदान झोपेचा त्रास कमी होतो.

एक सावधगिरीची सूचना. सांधेदुखीवर, दम्यावर ‘रामबाण’ म्हणून बिननावाच्या पुड्या विकल्या जातात. अशा पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेलं तपासणीत अनेकदा सापडलेलं आहे. तेव्हा पुडी घेतल्यापासून आत्याबाईंचे गुडघे ठणठणीत झाले, पण झोप उडाली आणि स्वभाव भलताच तापट झाला, असं दिसलं, तर ती पुडीच डॉक्टरांना नेऊन दाखवा.

मुलाच्या सर्दीची गोळी

पावसाळा आला की मुलांच्या शिंका आणि छातीतली घरघर सुरू होते. त्यासाठी मॉन्टेलुकास्ट हे औषध आपल्याकडे सर्रास दिलं जातं. बऱ्याचदा लिव्होसेट्रिझिनबरोबर एकाच गोळीत किंवा सिरपमध्ये ते असतं. दम्याच्या पुष्कळ मुलांना ते सोसतं आणि उपयोगीही पडतं. पण काही मुलांना त्यानं वाईट स्वप्नं पडतात, ती झोपेत किंचाळतात, झोपेत चालतात, दिवसा चिडतात, मारकुटी होतात किंवा एकदम गप्प होतात. थोडी मोठी मुलं ‘मला जगावंसं वाटत नाही’ असंही बोलून गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणूनच मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानं या औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीतली, म्हणजे सर्वांत कडक सूचना छापायला लावली. नुसत्या साध्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी, दुसऱ्या औषधानं भागत असेल तर हे देऊ नये, असंही सांगितलं.

आईनं करायचं काय? सिरपचं वा गोळीचं मूळ नाव वाचायचं. औषध सुरू झाल्यावर मुलाच्या झोपेकडे आणि खेळण्याकडे लक्ष ठेवायचं. ‘शाळेत नवीन बाई आल्यात, म्हणून चिडत असेल’ असं म्हणून विषय सोडून द्यायचा नाही. शंका आली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. बहुतेक मुलांचा त्रास औषध थांबवल्यावर जातो. क्वचित तो थांबवल्यानंतरही रेंगाळतो, म्हणून पुढचे काही दिवस नजर ठेवायची.

आजी ‘भ्रमल्या’ की आजींना गोळी बाधली?

काल संध्याकाळपर्यंत देवपूजा, जपमाळ, नातवंडांना गोष्टी, सगळं यथास्थित. आज सकाळी आजी मुलालाच ओळखत नाहीत, अंथरुणावरून न दिसणारे किडे वेचतात, मध्येच झोपतात, मध्येच ओरडतात. ‘वय झालं, चालायचंच,’ असं कुणीतरी म्हणतं. मैत्रिणींनो, इथेच चूक होते! म्हातारपणाचा विसराळूपणा महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. एका-दोन दिवसांत आलेला, घटकेत कमी घटकेत जास्त होणारा भ्रम म्हणजे शरीरात काहीतरी बिघडल्याची खूण. लघवीतला जंतुसंसर्ग, कमी झालेली साखर, ताप ही कारणं असतात, आणि औषध हेही एक मोठं कारण असतं.

धोतऱ्याच्या बिया पोटात गेलेला माणूस कसा बरळतो, हे खेड्यात पुष्कळांनी पाहिलेलं असतं. तोंड कोरडं, डोळे तारवटलेले, बोलणं असंबद्ध. त्याच तऱ्हेचा, पण सौम्य परिणाम काही नेहमीच्या औषधांत असतो. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटाच्या कळेवरचं डायसायक्लोमिन, लघवी आवरत नाही म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी वा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, हात थरथरतात म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल. तरुण माणसाला यानं नुसती सुस्ती येते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाचा आणि यकृताचा वेग कमी झालेला असतो, औषध शरीरात जास्त रेंगाळतं. त्यात दोन डॉक्टरांकडून अशी दोन-तीन औषधं एकत्र आली, की झालंच! अशा औषधांची यादी करून म्हाताऱ्या माणसांना ती शक्यतो टाळावीत, हे अमेरिकेतले डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ सालीच मांडलं. ती यादी आजही वेळोवेळी सुधारून काढली जाते.

ब्लडप्रेशरसाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं, त्यानंही असाच भ्रम होतो. मामंजी एकदम सुस्तावले, असंबद्ध बोलायला लागले, तर डॉक्टरांना सोडियमची तपासणी करायची का, म्हणून जरूर विचारा. एका साध्या रक्ततपासणीनं उलगडा होतो.

उलटीची गोळी आणि ‘अंगात येणं’

उलट्या थांबवण्यासाठी मेटोक्लोप्रामाईड किंवा प्रोक्लोरपेराझिन देतात. विशेषतः मुलं आणि तरुण मुली यांच्यात कधीकधी काही तासांत विचित्र प्रकार होतो. मान एका बाजूला वळते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. मुलगी पूर्ण शुद्धीवर असते, पण तिला बोलता येत नाही. पाहणाऱ्यांना वाटतं, बाहेरची बाधा! कुणी लिंबू उतरतं, कुणी ‘नाटकं करते’ म्हणून थोबाडीत देतं. खरं तर ही औषधाची स्नायूंवर आलेली प्रतिक्रिया असते, आणि दवाखान्यात एका इंजेक्शननं बहुधा थोड्याच वेळात उतरते. याच औषधांनी कुणाला अशी तगमग होते, की एका जागी बसवत नाही, येरझारा घालाव्या लागतात. तिला ‘चंचल झाली’ म्हणून रागावण्यात काय अर्थ?

आणि आपल्या स्वतःच्या गोळ्या

घरातल्या साऱ्यांची औषधं सांभाळणारी बाई स्वतःच्या बाबतीत मात्र ‘माझा स्वभावच असा’ म्हणून गप्प बसते.

अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन देतात. डोकं थांबतं, पण काहीजणींना काही आठवड्यांनी उदासी घेरते, वजन वाढतं. पूर्वी कधी उदासीचा आजार झाला असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगायचं, कारण अशांना ते देत नाहीत.

थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली, तर छातीत धडधड, हात कापणं, जीव घाबरा होणं. कमी पडली तर सुस्ती आणि मरगळ. घरी २५ ची आणि १०० ची अशा दोन बाटल्या असतील, तर आपण कुठली घेतो हे आधी बघा!

कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांबद्दल डेन्मार्कमध्ये १५ ते ३४ वर्षांच्या दहा लाखांहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली गेली, आणि ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. गोळी न घेणाऱ्या शंभर स्त्रियांमागे वर्षाला १.७ जणींना, तर संप्रेरकांची साधनं वापरणाऱ्या शंभरामागे २.२ जणींना उदासीवरचं औषध पहिल्यांदा सुरू करावं लागलं. फरक लहान आहे, पण आहे. कोवळ्या वयाच्या मुलींत तो जास्त दिसला. गोळीमुळेच झालं, असं यावरून सिद्ध होत नाही. पण ज्या बाईला गोळी सुरू केल्यापासून मन उतरलेलं वाटतं, तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावायचंही कारण नाही. दुसऱ्या पद्धती आहेत.

झोपेच्या गोळीचं पाहा. झोल्पिडेम बायकांच्या शरीरातून पुरुषांपेक्षा सावकाश बाहेर पडतं. म्हणून अमेरिकेत २०१३ साली बायकांची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. ही गोळी घेऊन माणसं झोपेतच उठून स्वयंपाक करतात, गाडी चालवतात आणि सकाळी काही आठवत नाही, असं घडल्यामुळे २०१९ साली तिच्यावरही कडक सूचना आली. झोपेत गॅस पेटवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको! अल्प्राझोलामची तर सवयच लागते. आपल्याकडे मार्च २०१४ पासून अशी औषधं ‘एच-१’ यादीत आहेत. लाल चौकटीतली सूचना पाकिटावर असते, आणि केमिस्टला ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, वेगळ्या वहीत नोंद करावी लागते. शेजारणीनं आपुलकीनं दिलेली अर्धी गोळी म्हणून तर घ्यायचीच नाही.

पण एकदम बंद करू नका!

हा लेख वाचून कुणी उद्या सकाळी डबा रिकामा करील, तर अनर्थ होईल. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉईड एकदम थांबवलं, तर शरीरानं स्वतःचं स्टिरॉईड बनवणं मंदावलेलं असतं. रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकतं. फिट्सची गोळी थांबवली, की फिट्स एकामागून एक येऊ शकतात. लेव्हेटिरासेटामनं घरातलं माणूस रागीट झालं असेल, तर डॉक्टर ते बदलून दुसरं देऊ शकतात. अल्प्राझोलाम रोज घेणाऱ्यानं एकाएकी सोडलं, तरी फिट येऊ शकते.

क्षयाच्या औषधांचंही तसंच. आयसोनियाझिडनं क्वचित भ्रम होतो, हट्टी क्षयावरच्या सायक्लोसेरिननं त्याहून जास्त वेळा होतो. पण औषधं मनानं सोडली, तर क्षय औषधांना दाद देईनासा होतो आणि घरातल्या लेकराबाळांना धोका. केंद्रावर जाऊन सांगायचं, ते मार्ग काढतात. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या तर या लेखाच्या आधारे मुळीच थांबवू नका.

संशय खरा की खोटा?

दर वेळी गोळीच दोषी असते असं नाही. आजारानंही मन खचतं, घरातल्या ताणानं खचतं. मोठमोठ्या तज्ज्ञांचा संशयही चुकतो. सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिनवर २००९ साली अमेरिकेत मानसिक त्रासाची कडक सूचना छापली गेली. पुढे आठ हजारांहून अधिक लोकांवर नीट चाचणी झाली, भीती फार जास्त होती असं दिसलं, आणि २०१६ साली ती चौकट काढून टाकली. आणि खराखुरा मनाचा आजार असला, तरी त्यात लाज कसली? त्यालाही औषध आहे.

म्हणून वादावादी करण्यापेक्षा नोंद ठेवा. किराण्याच्या वहीसारखी एक औषधांची वही करा. गोळीचं मूळ नाव, मात्रा, कशासाठी, कुणी दिली, कधी सुरू झाली, मात्रा कधी बदलली आणि कधी थांबली. स्वभाव बदललासा वाटला, की त्या दिवसाची तारीख लिहा. मग मागचे चार आठवडे बघा. तेवढ्यात काही नवं सुरू झालं का? वाढलं का? एकदम थांबलं का? ही एक ओळ डॉक्टरांना दहा तपासण्यांइतकी उपयोगी पडते.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, पुड्या, सारं काही. आणि भीड न धरता सांगा, ‘डॉक्टर, ही गोळी अमुक तारखेला सुरू झाली, अमुक तारखेपासून यांना भास होतात. याचा संबंध असेल का? दुसरं काही देता येईल का?’ यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर उलट खूश होतात.

औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार सरकारकडेही करता येते. २०१० साली सुरू झालेली भारतीय औषध-दक्षता योजना गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालते. १८००-१८०-३०२४ हा तिचा मोफत क्रमांक. रुग्णानं किंवा घरच्यांनी स्वतः कळवलेलंही तिथे चालतं. आपल्या एका नोंदीनं दुसऱ्या कुणाच्या घरातला घोळ वाचू शकतो.

डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा

• नवी गोळी सुरू झाली, की पहिले दोन-तीन आठवडे झोप, राग, रडू आणि बोलणं यांवर लक्ष.

• एका-दोन दिवसांत आलेला भ्रम म्हणजे ‘वय’ नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर.

• मान-डोळे वाकडे झाले, तर लिंबू-मिरची नको, थेट दवाखाना. घेतलेल्या औषधाची पट्टी बरोबर.

• गोळी आपल्या मनानं बंद नाही, आपल्या मनानं दुप्पटही नाही.

• एकाची गोळी दुसऱ्याला नाही. उरलेल्या गोळ्या साठवून ठेवायच्या नाहीत.

• कुणी जीव द्यायची भाषा केली, तर ‘गोळीमुळे बोलतोय’ म्हणून थांबू नका. माणसाला एकटं सोडू नका, औषधांचा डबा कुलपात ठेवा आणि दवाखाना गाठा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

घरातलं माणूस एकाएकी वेगळं वागू लागलं, तर त्याला नावं ठेवण्यापूर्वी पाच मिनिटं काढून गोळ्यांच्या पट्ट्या वाचा. कदाचित काही निघणार नाही. पण निघालं, तर एका माणसाच्या माथ्यावरचा आयुष्यभराचा शिक्का तुम्ही पुसलेला असेल.